गणितात मायनर घ्यायचंय? आधी हे वाच

इंजिनिअरिंगसोबत गणितात मायनर (मुख्य शाखेच्या जोडीला दुसऱ्या विषयाचे ठरावीक जादा कोर्स) घ्यावं का, हे सेकंड इयरलाच विचारलंस, बरं केलंस. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, चौकटीत मायनरसाठी साधारण 18 ते 20 क्रेडिट जादा करावे लागतात, म्हणजे पाचेक कोर्स. पुढे प्लेसमेंट आणि प्रोजेक्ट मानगुटीवर बसतात, तेव्हा निदान दोन कोर्स त्याआधी उरकून घे.

एम-वन, एम-टूला (इंजिनिअरिंगचे गणिताचे पहिले दोन पेपर) चांगले मार्क आहेत म्हणून गाफील राहू नकोस. केली-हॅमिल्टन प्रमेय म्हणतं, चौरस मॅट्रिक्स A स्वतःचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण, म्हणजे det(A − λI) = 0 (λ म्हणजे लॅम्डा), पाळतो; ते आपण तिथे नुसतं पडताळून बघतो. तीन बाय तीनचा मॅट्रिक्स, आकडे घालायचे, शेवटी सगळी शून्यं. गणित विभागात तेच सिद्ध करायला सांगतात. मग बरेच जण डिटर्मिनंटमध्ये लॅम्डाच्या जागी थेट मॅट्रिक्स ठेवतात आणि 'शून्य आलं' म्हणून मोकळे होतात. पण डिटर्मिनंट ही एक संख्या, आणि प्रमेयात मिळायला हवा शून्य मॅट्रिक्स! ही सिद्धता नेमकी कुठे कोसळते ते कुणालाही न विचारता शोध. मग अ‍ॅडजॉइंट वापरून खरी सिद्धता लिही. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली आणि तरी उठावंसं वाटलं नाही, तर बिनधास्त फॉर्म भर. फक्त रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून घेणार असशील, तर मी स्पष्ट नको म्हणेन.

लिनियर अल्जिब्रा आधी, रिअल अ‍ॅनालिसिस नंतर. दोन्ही एकाच सेमिस्टरला अजिबात नको. आणि रजिस्ट्रेशनआधी दोन्ही विभागांची टाइमटेबलं शेजारी ठेवून बघ, लॅबचा स्लॉट हमखास आडवा येतो.