'बाबांनी तेव्हा पुण्याला जाऊ दिलं असतं तर…'

मी समुपदेशक. तिशी ओलांडलेली माणसं समोर येऊन बसली की त्यातल्या निम्म्यांचं बोलणं एकाच वळणानं जातं. 'तेव्हा घरच्यांनी…' इथून सुरुवात. पुढे कुणाचं आर्ट्सला न जाणं असतं, कुणाचं मोडलेलं प्रेम. आमच्या नागपुरात मात्र पहिला नंबर पुण्याचा. बी.ई. झालं की वर्गातली बरीच पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसून निघून जातात. मागे राहिलेल्यांपैकी काहींना मग ते सातशे किलोमीटर आयुष्यभर पुरतात.

पालकांचं गाऱ्हाणं वेगळं: 'एवढा मोठा झाला मॅडम, पण जबाबदारीच घेऊन नाही राहिला.' ही दोन्ही गाऱ्हाणी बहुतेक वेळा एकाच घरातून येतात. तशाच एका घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला आपण प्रसाद म्हणू.

पहिला फोन त्याच्या वडिलांचा. 'मुलाला घेऊन येतो, दोन गोष्टी समजावून सांगा त्याला.' मी वय विचारलं. तेहेतीस. मग म्हटलं, 'त्यालाच फोन करू द्या, वेळ मी त्याच्याशी ठरवीन.' हा माझा जुना नियम आहे आणि त्यापायी काही पालक कायमचे दुरावलेतही. पण ज्याला फोन लावणंही जड जातं, त्याच्या वतीनं मी कामाला लागले तर घरात जे चाललंय तेच माझ्या खोलीत चालणार. बऱ्याच दिवसांनी प्रसादचा फोन आला.

आला तो वडिलांच्या गाडीवर मागे बसून. मे महिना, पारा ४५ अंशांवर, आणि वडील डोक्याला दुपट्टा बांधून खाली झाडाच्या सावलीत थांबलेले. फीचे पैसे त्यांनीच त्याच्या खिशात घालून दिले होते.

प्रसादची तक्रार खोटी नव्हती. २०१३ साली त्याला पुण्यातल्या कंपनीचं बोलावणं आलं, आणि वडील म्हणाले, 'एकुलता एक आहेस, आईला बीपी आहे, इथंच बघू काहीतरी.' ते 'काहीतरी' म्हणजे मामाचं इतवारीतलं दुकान. तिथं तो हिशेब बघायचा. पगार मामाच्या मनात येईल तेवढा.

'मी काय करणार होतो जी? जाऊच नाही दिलं ना.'

सुरुवातीला मी फक्त ऐकलं. वडिलांनी चूक केली होती, हेही स्पष्ट म्हटलं. 'झालं गेलं विसरा' हे वाक्य समुपदेशकानं उच्चारूच नये, अशा मताची मी आहे. ज्याचं दुखलंय त्याला आधी 'हो, दुखलंय' असं कुणीतरी म्हणावं लागतं.

पण मी अ‍ॅडलरच्या वाटेनं जाणारी. आल्फ्रेड अ‍ॅडलर (१८७०–१९३७) हा व्हिएन्नाचा डॉक्टर. डोळ्यांच्या विकारांपासून त्यानं व्यवसायाला सुरुवात केली, पुढे मनाकडे वळला, आणि १९११ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याच्यापासून वेगळा झाला. 'न्यूनगंड' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला तो त्याच्या विचारांमुळे. तो रुग्णाला एक साधा प्रश्न विचारायचा: हा त्रास नसता, तर तुम्ही काय केलं असतं? त्या उत्तरात अनेकदा तीच गोष्ट असते, जी करायला माणूस बिचकतोय. दुःख कुठून आलं याच्याइतकंच ते आज कुठल्या कामी येतंय, हे अ‍ॅडलर बघतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

एका दुपारी मी प्रसादला विचारलं, 'समजा आज संध्याकाळी बाबा म्हणाले, जा पुण्याला, तिकीट मी काढतो. काय कराल?'

'आता? आता वय निघून गेलं मॅडम.'

'बरं. तीन वर्षांनंतर म्हणाले असते तर? २०१६ मध्ये?'

तो खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, '२०१६ ला एका मित्रानं बोलावलं होतं. त्याच्या कंपनीत जागा होती. सीव्ही पाठव म्हणे.'

'आणि बाबा नाही म्हणाले.'

'बाबांना… सांगितलंच नव्हतं.'

मी काही बोलले नाही. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा मोह आवरणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम, आणि एवढ्या वर्षांत ते मला बऱ्यापैकी साधलंय असं म्हणायला हरकत नाही.

'इंटरव्ह्यू इंग्रजीत होता,' तो हळूच म्हणाला. 'मित्रासमोर तोंडावर पडलो असतो.'

'मित्राला काय सांगितलं?'

'सांगितलं, बाबा सोडत नाहीत.'

आणि तो हसला. म्हणजे आधी हसला, मग रुमाल काढला. 'म्हणजे बाबांनी एकदाच अडवलं मला. त्यानंतर मीच त्यांचं नाव घेऊन…' वाक्य त्यानं पुरं केलं नाही. गरजही नव्हती.

मला हे पहिल्या-दुसऱ्या भेटीतच जाणवलं होतं. पण मी सांगितलं असतं तर बाबांसारखीच आणखी एक शिकवणारी व्यक्ती त्याला मिळाली असती, एवढंच. २०१३ चा तो नकार त्यानं शाळेतल्या आजारपणाच्या चिठ्ठीसारखा जपून ठेवला होता. परीक्षा आली की चिठ्ठी पुढे. चिठ्ठी खरी होती, सहीसुद्धा खरी, फक्त तारीख जुनी झाली होती. तिच्या बदल्यात त्याला एक गोष्ट मिळत होती: 'मी हुशार होतो, संधी मिळाली नाही' हा विश्वास. पुण्यात जाऊन नापास होण्याची जोखीम त्यामुळे कधी घ्यावीच लागली नाही. तक्रार करणाऱ्या माणसाला आपण आळशी म्हणतो, पण मला अशा लोकांत आळस क्वचित दिसतो. दिसते ती भीती.

पुढच्या भेटीत तो अगदी दुसऱ्या टोकाला गेला. 'सगळी चूक माझीच आहे मॅडम.' इथं बरेच जण फसतात. स्वतःला झोडपणं दिसायला प्रामाणिक दिसतं, पण तेवढ्यानं सोमवारी सकाळी काही वेगळं घडत नाही. कालचा हिशेब कुणाच्या नावावर टाकायचा यात मला रस नव्हता. उद्या सकाळचं काम कोण करणार, एवढंच मी विचारत होते.

म्हणून एक कागद घेतला. त्याच्या आयुष्यातली जी जी कामं दुसरं कुणी करतं, ती लिहायला सांगितली. मोबाईलचा रिचार्ज, विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग, बँकेचं केवायसी, दुकानात सुटी मागायची तर आईचा मामाला फोन. पान भरलं. मी म्हटलं, यातलं एकच उचला, सगळं नको. त्यानं माझी फी उचलली, स्वतःच्या पगारातून. नंतर इन्कम टॅक्सचं रिटर्न, कारण ३१ जुलै जवळ आली होती.

त्या आठवड्यात तो आला तो चिडूनच. पोर्टलवर पासवर्ड बदलायला गेला, तर ओटीपी बाबांच्या मोबाईलवर. खात्याला नंबरच त्यांचा जोडलेला. 'तेहेतिसाव्या वर्षी माझा ओटीपी बाबांना येते, मॅडम!' नंबर बदलून घ्यायला त्याला थोडी खटपट करावी लागली. पण सांगते, माझ्या चार व्याख्यानांनी झालं नसतं ते त्या ओटीपीनं केलं.

पालकांनी इथं जरा कान द्यावा. ज्या मुलाचं सगळं दुसरे करतात, ते मूल 'माझे लाड होतात' यासोबतच 'मला जमत नाही' हेही शिकतं. तेव्हा रागाच्या भरात 'आजपासून तुझं तू बघ' अशी घोषणा करू नका, ती दोन दिवस टिकते. एक काम निवडा, ते कसं करायचं हे एकदा दाखवा आणि हात काढून घ्या. उशीर झाला, दंड बसला, तरी भरायला धावू नका. प्रसादच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'मग मी दिवसभर करू काय?' नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलाचं आयुष्य चालवणं हीच त्यांची नोकरी झाली होती. त्यांच्यासाठी मी वेगळी वेळ दिली.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. 'स्वतःची जबाबदारी घ्या' हे वाक्य कुणाच्याही डोक्यात हाणायला वापरू नये. बापाचं कर्ज, बहिणीचं शिक्षण आणि बुडालेलं कापसाचं पीक अंगावर असलेल्या यवतमाळच्या मुलाला मी प्रसादचे प्रश्न विचारत नाही. त्याची अडचण खरोखर बाहेर असते. अ‍ॅडलरनंही माणसाच्या निरोगीपणाची कसोटी एकट्यानं उभं राहण्यात मानली नाही, इतरांशी असलेल्या नात्यात आणि सहभागात मानली. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो प्रश्न जबाबदारीचा नाही, आजाराचा आहे. नागपुरातल्या आपल्या मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे दोन्ही सरकारी रुग्णालयांत, मानसोपचाराची ओपीडी आहे. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवाही आहे. १४४१६ वर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो, आणि मराठीत बोलता येतं.

प्रसाद पुण्याला गेला का, असं मला हमखास विचारतात. नाही गेला. आईच्या तब्येतीमुळे इथंच राहायचं त्यानं ठरवलं, आणि आता ते 'राहावं लागलं' नाही, याची त्याला कल्पना आहे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात लागला. त्याआधी दोन ठिकाणी इंग्रजीतच अडखळला आणि तोंडावर पडला. दोन्ही वेळा घरी येऊन तसंच सांगितलं. पगार त्याच्या वर्गमित्रांच्या निम्माही नसेल. ते त्याला खुपतं, आणि खुपणारच.

घरात सध्या लग्नाचा विषय चालू आहे. वडील अधूनमधून स्थळं आणतात. प्रसादचं अजून ठरलेलं नाही, आणि वडिलांना तो तसं तोंडावर सांगतो, मामाला किंवा आईला मध्ये न घालता.