डिप्रेशनमधला व्यायाम : सुरुवात चपला पायांत घालण्यापासून

ताई, आपल्या यजमानांना दोन महिन्यांपूर्वी डिप्रेशनचे निदान झाले, गोळ्या सुरू आहेत, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे, पण ते अंथरूण सोडत नाहीत. आणि दिरांचे म्हणणे असे की व्यायाम केला तर गोळ्या हव्यातच कशाला. आधी दिरांच्या म्हणण्याबद्दल लिहितो, कारण धोका तिथे आहे.

व्यायाम गोळीच्या तोडीस तोड ठरला, असे ज्या प्रयोगाच्या आधारे सांगितले जाते, तो अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल व सहकाऱ्यांनी केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढील १५६ रुग्णांचे तीन गट करून एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे औषध आणि तिसऱ्याला दोन्ही दिले, आणि १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच आढळली. मात्र पहिल्या काही आठवड्यांत औषधाने लवकर गुण आला होता, आणि व्यायाम करणारे लोक स्वतःहून प्रयोगात आलेले होते व आठवड्यातून तीनदा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, गटात व्यायाम करत होते, एवढा भाग सांगताना गळतो. जो माणूस दात घासायलाही उठत नाही, त्याच्या गोळ्या काढून घेऊन त्याला मैदानावर पाठवणे म्हणजे पाय मोडलेल्याची कुबडी काढून घेण्यासारखे आहे. गोळ्या कमी करायच्या असतील तर ते डॉक्टर ठरवतील, आणि तेही हळूहळू.

व्यायामाचा उपयोग होतो, हे मात्र खरे. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चालणे, धावणे, योगासने आणि वजने उचलण्याचे व्यायाम या सर्वांचा लाभ दिसला. आपण व्यायाम करतो आहोत हे करणाऱ्यापासून लपवता येत नसल्यामुळे अशा आकड्यांकडे थोडे हात राखूनच पाहावे लागते, तरी कल स्पष्ट आहे. असे का होते, याची उत्तरे अनेक आहेत. एंडॉर्फिन या शरीरात तयार होणाऱ्या, बरे वाटायला लावणाऱ्या रसायनाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण मला स्वतःला सर्वांत आधी फरक जाणवला तो झोपेत.

हा आजार मला दोनदा झाला. पहिल्या वेळी मी महागडे बूट आणले, रोज पाच किलोमीटर चालण्याचा संकल्प केला आणि चौथ्या दिवशी तो मोडला. मग आजाराच्या जोडीला अपराधीपणही आले. दुसऱ्या वेळी समुपदेशक बाईंनी मला फक्त चपला घालून दोन जिने उतरायला, सोसायटीच्या फाटकाला हात लावायला आणि परत यायला सांगितले. आठ दिवस एवढेच केले. त्यानंतर कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणणे आले, आणि दीड महिन्याने मी पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन टेकू लागलो. ज्या दिवशी काहीच होणार नाही, त्या दिवशी निदान चपला पायांत घालून दारात उभे राहायचे, असा त्यांचा नियम होता. उत्साह वाटला की चालू, असे आपण म्हणत राहतो. या आजारात आधी चालावे लागते आणि उत्साह, आलाच तर, मागाहून येतो.

आपण काय करावे? "उठा, असे पडून राहून कसे चालेल" हे वाक्य कृपया टाळावे. ते त्यांनी स्वतःलाच दिवसातून शंभरदा ऐकवलेले असते. त्याऐवजी "मी दूध आणायला निघाले आहे, येता का?" एवढेच विचारावे, नाही म्हणाले तर न रुसता एकटे जावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. वेळ पहाटेचीच हवी असा आग्रह नको (लवकर निजे लवकर उठेचे संस्कार आपल्यावर फार खोल आहेत), कारण अनेक रुग्णांची सकाळच सर्वांत जड जाते. संध्याकाळी पाचला निघाले तरी चालते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, पण तो आकडा सध्या त्यांच्या कानावर घालू नये.

डॉक्टरांना काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. थायरॉइड आणि बी-१२ तपासले आहे का, कारण त्यांच्या कमतरतेनेही असाच थकवा येतो. गोळीमुळे उठताना चक्कर येऊ शकते का. आणि लिथियम हे औषध सुरू असेल तर घाम व पाणी यांबाबत कोणती काळजी घ्यावी. पूर्वी कधी झोप न घेताही अतिउत्साहात दिवस गेले असतील, तर तेही सांगावे. आणि जगणे नकोसे झाल्याची भाषा त्यांच्या तोंडी आली, तर चालण्याचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, त्यांना एकटे सोडू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

किती दिवसांत फरक पडेल, हेही आपण विचारले आहे. आठवड्यांच्या हिशेबाने पाहावे, दिवसांच्या नव्हे. आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे लिहितो, तसेच चालण्याचेही लिहावेत, मात्र त्यावर चर्चा करू नये. माझ्या त्या पहिल्या महिन्याच्या पानावर अकरा खाडे आहेत.