टेकऑफनंतर इंजिन गेलं की आधी इंधन ओततात का?

प्रश्न असा आहे की टेकऑफ झाल्या झाल्या एक इंजिन बंद पडलं तर पायलट वजन कमी करायला लगेच इंधन बाहेर टाकून मागे का फिरत नाही, आणि विचारणाऱ्याचा भाऊ ज्या एअरबस ए३२० विमानात होता ते बिघाडामुळे दोन तास घिरट्या घालत होतं ते इंधनच ओतत होतं का. मी पायलट नाही, पण बरीच वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये काढलीत आणि अशी परत आलेली विमानं तपासलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या भावाच्या विमानाचं. ए३२० मधून इंधन बाहेर टाकायची सोयच नसते, बोईंग ७३७ मध्येही नसते. अशा विमानांचं टेकऑफचं कमाल वजन आणि लँडिंगचं कमाल वजन यात फरक कमी असतो, आणि पूर्ण भरून निघालं तरी पंधराएक मिनिटांत परत येऊन उतरायची, गरज पडली तर पुन्हा वर चढायची ताकद त्यांच्यात असते, त्यामुळे नियम ती सिस्टिम मागत नाही. म्हणजे ते विमान इंधन जाळत होतं, ओतत नव्हतं. आणि दोन तास फिरलं म्हणजे बहुतेक दोन्ही इंजिनं चालू होती, बिघाड दुसरा काहीतरी असणार, कारण दोनातलं एक इंजिन गेल्यावर वजन कमी करायला कुणी दोन दोन तास वर थांबत नाही.

मोठ्या विमानांचं वेगळं. बोईंग ७७७-३००ईआर साधारण ३५१ टनांपर्यंत उडू शकतं पण उतरायची मर्यादा २५१ टन, मधला शंभर टनांचा फरक जवळजवळ सगळा इंधनाचाच. ते इंधन पंखांच्या मागच्या कडेला टोकाकडे असलेल्या नळ्यांतून बाहेर जातं, इंजिनातून नाही. पुरेशा उंचीवर सोडलं तर त्याची वाफ होते, खाली पोचत नाही. २०२० च्या जानेवारीत लॉस एंजेलिसहून निघालेल्या डेल्टाच्या ७७७ ने ते कमी उंचीवर सोडलं आणि खाली शाळेच्या मैदानावर मुलांच्या अंगावर पडलं. त्याआधी जमिनीवरच्या कंट्रोलरने विचारलं होतं, इंधन टाकायचंय का, तर पायलट नाही म्हणाले होते. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण सांगितलं असतं तर कंट्रोलने मोकळी जागा आणि उंची दिली असती.

आता मूळ मुद्दा. इंजिन गेलं की पहिल्या मिनिटात इंधनाचा विचारही कुणी करत नाही. रनवेवर धावताना व्ही१ नावाचा वेग ओलांडला की थांबायचं नाही, उडायचंच, आणि विमान एका इंजिनावर चढू शकतं हे सर्टिफिकेशनच्या वेळी सिद्ध करावंच लागतं. मग पायाने रडर (शेपटीवरचा उभा हलणारा भाग) दाबून नाक सरळ ठेवायचं, चाकं आत घ्यायची, आणि बहुतेक कंपन्यांत ४०० फुटांपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही. त्यानंतर कुठलं इंजिन ते दोघांनी मिळून बघायचं, एकाने त्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवायचा, दुसऱ्याने बरोबर म्हणायचं, मगच मागे ओढायचं. हे एवढं सावकाश का, तर १९८९ मध्ये इंग्लंडात केगवर्थला चांगलं इंजिन बंद केलं गेलं आणि ४७ माणसं गेली, २०१५ मध्ये तैपेईला एटीआर या छोट्या प्रोपेलरच्या विमानाचंही तसंच झालं. बंद पडलेलं इंजिन माणसं मारत नाही हो, घाई मारते.

आणि वजन जास्त असताना उतरणं म्हणजे विमान मोडणं नव्हे. टेकऑफच्या पूर्ण वजनालाही चाकं मिनिटाला ३६० फूट वेगाने टेकलेली सोसतील असंच डिझाइन असतं, नेहमीचं लँडिंग त्याहून बरंच मऊ असतं. म्हणूनच २०२१ मध्ये डेन्व्हरवरून निघालेल्या युनायटेडच्या ७७७ च्या इंजिनातला फॅन ब्लेड (पुढच्या पंख्याचं पातं) तुटून इंजिनाची झाकणं खाली लोकांच्या अंगणात पडली तेव्हा कॅप्टनने इंधन टाकत वेळ न घालवता जड विमान तसंच उतरवलं, सगळे सुखरूप. याउलट २०१० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए३८० चं इंजिन फुटलं, इंधन टाकायची सिस्टिमही निकामी झाली, पण विमान उडत होतं म्हणून त्यांनी जवळपास ५० मिनिटं चेकलिस्ट तपासल्या आणि मग जड विमानच उतरवलं, रनवेचे जेमतेम १५० मीटर उरले असताना थांबलं, ब्रेक तापलेले आणि पंखातून इंधन गळतंय. आग असेल तर मिनिटं मोजायची, नसेल तर वेळ घ्यायचा, एवढाच फरक.

असं विमान परत आलं की आमचं काम सुरू. एकदा पहाटे एक जड उतरलेलं विमान आलं होतं, टायर एकेक करून बसत चालले होते, म्हणजे फुटत नव्हते, चाकात फ्यूज प्लग असतो तो ठराविक तापमानाला वितळतो आणि हवा हळूहळू सोडतो, नाहीतर गरम चाक बॉम्बसारखं उडेल. आम्ही समोरूनच जायचो, बाजूने कधीच नाही. मग चाकांच्या गिअरचे जोड, पंखाच्या मुळाशी पत्र्याला कुठे सुरकुती पडली का, रिव्हेट हलले का, टॉर्च लावून बोट फिरवत बघायचं. त्या विमानात ब्रेक आणि टायर सोडले तर काहीच बदलावं लागलं नाही.