कँपिओने बघायला घेतोयस तर हे वाच

अरे हॅरेम (एका पोराभोवती बऱ्याच मुली, असा अ‍ॅनिमेचा प्रकार) नवीन असेल तर कँपिओनेपासून सुरू करायला हरकत नाही, २०१२ ची जपानी अ‍ॅनिमे सिरीज आहे, १३च एपिसोड, दोन रात्रीत संपते. पोरगा आजोबांचं काम म्हणून एक दगडी पाटी घेऊन इटलीत सार्डिनियाला जातो आणि पहिल्याच एपिसोडात चक्क देव मारून बसतो. आता गंमत बघ, तो देव म्हणजे इराणचा वेरेथ्रग्न, आपल्या इंद्राचं वृत्रहन् नाव आहे ना, त्याचाच हा सख्खा भाऊ शब्द, आणि त्याची वारा, बैल, पांढरा घोडा, उंट, रानडुक्कर अशी दहा रूपं अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, खरंच आहेत. आपल्याला दशावतार आठवणारच.

सगळ्यात भारी हीरोची सोन्याची तलवार, कारण ती चालवायला समोरच्या देवाची पूर्ण कुंडली माहीत लागते, म्हणजे ग्रीक पुराणातल्या अथेना, मेडुसा, मेटिस मुळात एकच कशा वगैरे. पण ही माहिती त्याच्या डोक्यात जाते कशी तर मुलीने किस करून 😂 देव समोर उभा, शहर अंधारात, आणि यांचं ते आधी. पहिल्यांदा हसू येतं, चौथ्यांदा मी सरळ फॉरवर्ड केलं. आणि लढाईत हीरो प्रवचन देतो ते सबटायटल इतक्या स्पीडने पळतात की पॉज करत करत बघावं लागतं, तू करच, खरा माल तिथेच आहे.

हिरोईन एरिका सोडली तर बाकीच्या मुलींना लिहिलंच नाहीये. ज्या नॉव्हेलवरून सिरीज केलीय त्यातलं बरंच काही कोंबलंय, त्यामुळे शेवट घाईचा वाटेल. आणि हो, घरच्यांसमोर टीव्हीवर लावू नकोस.