सराफ्यातली रात्र आणि दहावीची वही

प्रश्न : आम्ही जुनी इंदूरला राहतो. यजमान लोडिंग रिक्षा चालवायचे. कंबरेच्या दुखण्यामुळे पाच महिने घरीच आहेत. मी तीन घरी पोळ्या करते. मुलगा 15 वर्षांचा, दहावीत. रात्री 8 ते 1 सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत एका दुकानावर प्लेटा धुतो, महिन्याचे 5,000 आणतो. वर्गात झोपतो म्हणून सरांनी मला बोलावलं. वही बघितली तर अर्ध्या गणितातून पेनाची रेघ घसरत पानाबाहेर गेलेली. शाळा सोडवून परीक्षा बाहेरून द्यायला लावू का? धाकटी सरकारी शाळेत सातवीत आहे, तिचीही काळजी वाटते. – एक आई

उत्तर : ताई, शाळा सोडवू नका, दुकान सोडवा. आणि तेही या महिन्याचा पगार हातात पडला की लगेच.

पोरगा घराला हातभार लावतो म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. दहावीत असताना मीही वडिलांच्या दुकानात पुड्या बांधल्यात. पण आमचं दुकान रात्री नऊला बंद व्हायचं, सराफा तेव्हा कुठे रंगात येतो. एकला सुटलेला मुलगा घरी येऊन पडेपर्यंत दोन वाजणार. त्या रेघेवरून त्याला रागावू नका. पेन हातात धरून बसला होता, हेच खूप.

जरा हिशेब करा. रोज 5 तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 130 तास. तासाला जेमतेम 38 रुपये पडतात.

शिवाय हे कायद्यातही बसत नाही. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याचं काम देताच येत नाही, आणि साध्या दुकानातसुद्धा संध्याकाळी 7 ते सकाळी 8 कामावर ठेवता येत नाही. दिवसाला विश्रांती धरून 6 तास, आठवड्याला एक सुट्टी. मालकाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. पगार अडकवला तर मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरावर, 1098 वर फोन करा.

आता ते 5,000 कुठून आणायचे? तुमच्या हाताला पोळीची सवय आहे. भंवरकुआँला कोचिंगची मुलं खोल्या घेऊन राहतात आणि घरच्या जेवणासाठी तरसतात. संध्याकाळच्या सहा डब्यांनी सुरुवात करा. फूड सेफ्टीचं साधं रजिस्ट्रेशन वर्षाला 100 रुपयांत होतं. यजमानांना बसल्या जागी भाजी चिरता येईल, हिशेबाची वही सांभाळता येईल. मुलाने सायकलवर एक फेरी मारावी. घरच्या धंद्यात मदत करायला त्या वेळेच्या नियमांची आडकाठी नाही. पण एकच फेरी हं! आठला तो अभ्यासाला बसलेला हवा. पहिले दोन महिने ओढाताण होईल, तेवढ्यापुरतं किराणावाल्याशी आधीच बोलून ठेवा.

बाहेरून परीक्षेचं म्हणाल, तर नाव कापलेली मुलं पुस्तकाला पुन्हा हात लावताना मी फार कमी पाहिली आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे, तिथे एकदा नोंदणी केली की 5 वर्षं थोडे थोडे विषय सोडवता येतात. ती अगदीच अडलं तर.

दहावीनंतर नंदानगरच्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, 2 वर्षं. पुढे पीथमपूरच्या कारखान्यांत अप्रेंटिसशिप, तिथे शिकताना स्टायपेंड मिळतो. मन झालं तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. यजमानांचं संबल कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांसाठीचं राज्य सरकारचं कार्ड, आहे का बघा. असेल तर आयटीआयच्या फीचीही सोय होते. हे कार्ड लोक रेशनच्या डब्यात ठेवून विसरतात.

धाकटी पुढच्या वर्षी आठवीत जाईल. तेव्हा एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरायला तिच्या बाईंना आतापासून सांगून ठेवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. उत्पन्नाचा दाखला लागेल, तो काढायला वेळ जातो.

सरांना पुन्हा भेटायला जाल तेव्हा यजमानांनाही न्या, आणि रात्रीच्या कामाचं खरं काय ते सांगा. बहुतेक त्यांना तो मोबाइलवर जागतो असंच वाटत असेल.