ट्रकचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

पत्र पिंपरीच्या एका इंजिनिअरचं आहे. वय ४१. पगार हातात १ लाख ३० हजार येतो. घराच्या कर्जाचे २८ लाख बाकी आहेत, हप्ता ३४ हजार. पत्नी आणि दोन मुलं, मोठी नऊची, धाकटा पाचचा. दारात २०१६ची डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह उभी आहे. आता इसुझू व्ही-क्रॉस हा पिकअप ट्रक घ्यायचा, ऑन-रोड ३१ लाख. वर रूफटॉप टेंट म्हणजे टपावरचा तंबू, ऑनिंग म्हणजे कडेचं कापडी छत, फ्रिज, दुसरी बॅटरी, अडकलेली गाडी ओढणारं विंच, लोखंडी बंपर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि मड टायर, असे साडेसहा लाख. मग स्पिती, लडाख. साडेसदतीसपैकी २५ लाख घराच्या चालू कर्जावर टॉप-अप म्हणजे वाढीव कर्ज घेऊन, ९ लाख मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या म्युच्युअल फंडातून, बाकीचे डस्टर विकून. प्रश्न एवढाच: ‘टॉप-अप ९ टक्क्यांनी मिळतंय, मग वाहनकर्जापेक्षा तेच बरं ना?’

आणि अगदी शेवटी, जाता जाता, ही ओळ: ‘टॉप-अप लवकर मंजूर व्हावं म्हणून बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरनी सुचवलेली गॅरंटीड पॉलिसीही घेतली आहे, वर्षाला ३ लाख, दहा वर्षं. पुढे त्या उत्पन्नातून कर्जही फिटेल.’

साहेब, तुमचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. ती पॉलिसी तुम्हाला मेलवर १४ तारखेला आली आणि तुमचं पत्र माझ्याकडे २८ला. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. २०२४च्या नियमांपासून मुदत सरसकट ३० दिवसांची आहे आणि तुमची निम्मी तर गेली. म्हणून हे उत्तर सदरात येण्याची वाट न बघता तुम्हाला आधीच कळवलंय. बाकीचं इतर वाचकांसाठी लिहितो, कारण अशी पत्रं मला महिन्याला तीन-चार येतात.

अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेतल्या त्या गोड बोलणाऱ्या मुलाला नाही. त्याच्या हातात दिलात तर तो ‘सर, वरून अप्रूव्हल येतंय’ म्हणत ३१वा दिवस उजाडू देईल. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, शाखेत जाऊन प्रत द्या, शिक्का आणि तारीख घ्या. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. टाळाटाळ झाली तर कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी लागत नाही.

‘कर्ज हवं तर पॉलिसी घ्या’ अशी सक्ती बँकेला करता येत नाही. तुम्ही लिहिलंय की कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल आला तेव्हा मॅनेजर समोर बसून मान हलवत होता आणि तुम्ही प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणालात. त्या कॉलचं रेकॉर्डिंग असतं. उद्या तक्रार केलीत तर तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवतील. फ्री-लुकमध्ये मात्र त्या ‘हो’ने काही अडत नाही, म्हणून ही खिडकी उघडी आहे तोवरच बाहेर पडा.

आता ती ‘गॅरंटी’ बघू. दहा वर्षं ३ लाख, म्हणजे ३० लाख भरायचे. बारावं वर्ष लागलं की दहा वर्षं ४ लाख ८० हजार घ्यायचे, म्हणजे ४८ लाख. ऐकायला ‘तीसचे अठ्ठेचाळीस’. पण तुमचा प्रत्येक हप्ता अकरा वर्षांनी परत येतोय. अकरा वर्षांत एकाचे एक पूर्णांक सहा, हिशोब साडेचार टक्क्यांच्या आतच बसतो. पीपीएफसारखं झोपाळू खातं ७.१ देतं. एका हाताने ९ टक्क्यांनी उसने घ्यायचे, दुसऱ्या हाताने साडेचारने ठेवायचे आणि वर म्हणायचं की यातून ते फिटेल! शिवाय पहिला पैसा बाराव्या वर्षी येणार, टॉप-अपचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून.

या पॉलिसीत विमा किती? ३० लाख. टॉप-अप घेतल्यावर कर्ज ५३ लाख. तुम्हाला काही झालं तर वहिनींच्या हातात घर, ट्रक आणि २३ लाखांची तूट. टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा शुद्ध विमा, एका रुपयाचा नाही आणि आरोग्य विमा ऑफिसने दिलेला ५ लाखांचा, जो नोकरीबरोबर जातो. पत्रात लिफ्ट किट दोन इंचांचं घ्यावं की तीनचं यावर एक परिच्छेद आहे, विम्यावर एक शब्द नाही. एक कोटीचा टर्म, साठीपर्यंतचा, व्यसन नसेल तर वर्षाला साधारण २०-२५ हजारांत येतो.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. ९ टक्के स्वस्त खरेच, पण मुदत पंधरा वर्षांची आहे. २५ लाखांना हप्ता २५ हजारांच्या थोडा वर, एकूण फेड साडेपंचेचाळीस लाख. पाच वर्षांनी विमा कंपनी गाडीची किंमत निम्मी धरते आणि तुमचे तेव्हा २० लाख बाकी असतील. गाडी भंगारात निघाली तरी तिचा हप्ता चालूच, आणि तारण काय, तर घर. जे कर्ज पाच वर्षांत फिटत नाही त्यावर गाडी घेऊ नये, मग व्याज काहीही असो. घराचा हप्ता, टॉप-अप आणि पॉलिसी मिळून महिन्याला ८४ हजार होतात. उरलेल्या ४५-४६ हजारांत दोन शाळा, किराणा आणि स्पितीचं डिझेल.

‘शनिवार-रविवार ग्रुपला भाड्याने देईन, दिवसाचे ६ हजार’ हेही तुम्ही लिहिलंय. पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खासगी, गाडी भाड्याने देता येत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो, अपघात झाला तर कंपनी हात वर करणार. आणि महिन्याचे आठही दिवस गाडी दुसऱ्याकडे असेल तर तुम्ही कॅम्पिंगला कधी जाणार?

सामानाबद्दल थोडं, कारण हा नाद मलाही आहे. लोखंडी बंपर आणि बुलबार म्हणजे पुढच्या लोखंडी दांड्या, यांवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच कारवाईचे आदेश दिलेत, पादचाऱ्याला धोका आणि एअरबॅगच्या सेन्सरचा गोंधळ म्हणून. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कडक आहे, तेव्हा लिफ्ट किट लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

रूफटॉप टेंटचं म्हणाल तर भंडारदऱ्याला एका मित्राच्या गाडीवर झोपलोय. झोप छान लागते. पण सकाळी शेंडी गावात चहा प्यायला जायचं तर आख्खं घर घडी घालावं लागतं, दवाने ओलं झालेलं. वीस मिनिटं, दोन माणसं आणि एक शिवी. त्याच्या ४५ लिटरच्या फ्रिजमध्ये दोन दुधाच्या पिशव्या आणि पनीर होतं.

डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह विकू नका. चढ-चिखलात जोर वाढवणारा लो-रेंज गिअर नाही, पण पहिला गिअर आखूड आहे आणि ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. स्पितीच्या मुख्य रस्त्याला, मोसमात, ती पुरते. चांगले ऑल-टेरेन टायर, हवा भरायचा कंप्रेसर, गाडी ओढायचा पट्टा (टो-स्ट्रॅप), फावडं, ज्यात ओलावा झिरपत नाही असा जमिनीवरचा तंबू आणि पाण्याचे दोन कॅन, एवढं सव्वा लाखाच्या आत बसतं. चिखलात चाक रुतलं तर विंचच्या आधी टायरची हवा कमी करून बघा, दहातल्या सात वेळा गाडी निघते. मग हवा भरायला कंप्रेसर लागतो, म्हणून तो आधी.

टॉप-अप आणि पॉलिसीला तुम्ही महिन्याला ५० हजार द्यायला निघालाच होतात. त्यातले पाच हजार टर्म आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्याला. उरलेल्या ४५ हजारांतून पहिले आठ महिने अडीअडचणीची गंगाजळी, साडेतीन लाख. बचत खात्यात सध्या ८० हजार पडून आहेत, ते धरू नका. पुढचे २८ महिने तोच पैसा बाजूला टाकलात तर तीन वर्षांनी साडेबारा लाख हातात असतील, मुलीच्या फंडाला बोट न लावता. तेव्हाही ट्रक हवासा वाटला तर वापरलेली व्ही-क्रॉस बघा, कमी पडेल तेवढंच वाहनकर्ज, चार-पाच वर्षांचं.

पॉलिसी परत केल्याची शिक्क्याची प्रत मला पाठवा. टायरचा साइज त्यानंतर विचारा.