एच-१बी वर असताना ऑनलाइन पिस्तूल मागवायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा : टेक्सासात राहता, एच-१बी वर आहात, ग्रीनकार्ड रांगेत आहे. एका ऑनलाइन दुकानात नऊ एमएम पिस्तूल जवळच्या दुकानापेक्षा स्वस्त दिसतंय. ते घरपोच येईल का, सोबत गोळ्या आणि एक स्कोप (बंदुकीवर बसवायची नेम धरायची दुर्बीण) मागवावा का, आणि तो स्कोप पुढच्या सुट्टीत गावी भावाला नेता येईल का?

पिस्तूल घरपोच येणार नाही. कायदेशीर दुकान ते तुमच्या घरी पाठवूच शकत नाही. पण त्याच्याही आधी तुमच्या व्हिसाचं बोलायला हवं, कारण आपली बरीच मंडळी नेमकी तिथे बेसावध असतात.

१९९८ पासून नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या विकत घ्यायला आणि जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. नोकरीचा एच-१बी, त्याच्या जोडीदाराचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१ सगळे त्यात आले. या मनाईला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा एक : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो असेल तर पिस्तूलसुद्धा घेता येतं. विक्रेता परवाना बघतो, त्याची नक्कल खरेदीच्या फॉर्मला जोडतो आणि आय-९४ वरचा, म्हणजे तुमच्या अमेरिका-प्रवेशाच्या नोंदीवरचा, नंबर लिहून घेतो.

टेक्सासचा परवाना पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं. तो कधीही काढला तरी ३१ ऑगस्टला संपतो. जूनमध्ये परवाना काढला, जुलैमध्ये पिस्तूल घेतलं आणि नंतर विसरून गेलात, तर १ सप्टेंबरला तुमच्या कपाटातली वस्तू बेकायदा ठरू शकते. मनाई बाळगण्यावरही आहे, हे त्याचं कारण. म्हणून ग्रीनकार्ड हातात येईपर्यंत दरवर्षी खंड न पडू देता नूतनीकरण करा. ग्रीनकार्ड मिळालं की ही अट उरत नाही, फेडरल पातळीवर खरेदी जवळपास नागरिकासारखीच होते.

नवरा नागरिक आणि बायको एच-४ वर, किंवा उलट, अशी घरं आपल्यात खूप. तिथे बंदुकीच्या तिजोरीची किल्ली किंवा आकडा फक्त पात्र व्यक्तीकडे असावा. दुसऱ्याला सहज हात घालता येत असेल तर त्याच्याही ताब्यात बंदूक होती, असं सरकारी वकील म्हणू शकतो.

आता खरेदीकडे वळू. वेबसाइटवर तुम्ही फक्त पैसे भरता. कायद्याच्या दृष्टीने बंदूक तुमच्या हाती येते ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरच्या काउंटरवर. अशा डीलरला सगळे एफएफएल म्हणतात. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टपासून राज्याराज्यांतला बंदुकीचा व्यापार या परवानाधारकांमार्फतच चालतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी जवळच्या डीलरला फोन करा. बाहेरून आलेली बंदूक ट्रान्सफर करून देता का, त्याचं शुल्क किती, आणि शिकारीच्या परवान्यावर व्हिसाधारकाला देता का, हे तिन्ही प्रश्न स्पष्ट विचारा. तिसऱ्या प्रश्नावर काही डीलर सरळ नाही म्हणतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पिस्तूल येऊन पडल्यावर ते कळलं तर परत पाठवण्याचा भुर्दंड तुमच्यावर. शुल्क आणि विक्रीकर धरल्यावर ऑनलाइनची स्वस्ताई कित्येकदा उरतच नाही, तेव्हा बेरीज आधी करा. माझं मत विचाराल तर पहिलं पिस्तूल दुकानात जाऊन हातात धरूनच घ्यावं. मूठ हाताला बसते की नाही, हे फोटोत कळत नाही.

काउंटरवर एटीएफचा (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल खात्याचा) फॉर्म ४४७३ भरायचा असतो. तो घाईत भरू नका. नाव ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, आणि पासपोर्टवर ते पूर्ण, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, तर कुठे गायबच, असा घोळ हमखास सापडतो. कायदेशीर नावात मधलं नाव नसेलच तर तिथे 'एनएमएन' लिहायचं, फक्त आद्याक्षर असेल तर अक्षरापुढे 'आयओ'. पत्ता सध्या राहता तोच हवा, पोस्टबॉक्स चालत नाही. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन, सोबत न्या. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, तरी मी तो लिहायला सांगतो. सारख्या नावाच्या दुसऱ्या कुणाशी गल्लत होण्याचा धोका त्याने कमी होतो.

नागरिकत्वाच्या रकान्यात चुकूनही अमेरिकेवर खूण करू नका. या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गंभीर फेडरल गुन्हा आहेच, पण नागरिक असल्याचा खोटा दावा हे इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. बंदुकीच्या गुन्ह्यातली शिक्षा हे आणखी एक. वर्षानुवर्षं रांगेत काढलेलं ग्रीनकार्ड एका खुणेपायी जाऊ शकतं. खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, असाही प्रश्न फॉर्मवर असतो. ज्याला स्वतःला घेता येत नाही अशा मित्रासाठी, त्याच्या पैशाने, आपल्या नावावर बंदूक घेणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या कायद्याने त्याला १५ वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. दोस्तीखातर कुणी गळ घातली तरी नाही म्हणा.

मग डीलर एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडे तुमच्या पूर्वेतिहासाची तपासणी करतो. बहुतेकदा काही मिनिटांत होकार येतो. 'डिलेड' आलं तर घाबरू नका, तो नकार नव्हे. फेडरल नियमाने कामकाजाचे ३ दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर बंदूक द्यायची की नाही ते डीलर ठरवू शकतो. एकवीस वर्षांखालच्यांची तपासणी २०२२ पासून जास्त लांबू शकते. अर्थात परवानाधारक डीलरकडून पिस्तूल एकविसाव्या वर्षानंतरच मिळतं, रायफल आणि शॉटगन अठरानंतर. टेक्सासात वेगळी प्रतीक्षा नाही. कॅलिफोर्नियात मात्र १० दिवस थांबावंच लागतं.

सही करण्याआधी खोका उघडून घ्या. पिस्तूल रिकामं आहे हे डीलरकडून दाखवून घ्या आणि स्वतःही चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, बघा. फ्रेमवरचा सिरियल नंबर पावतीशी ताडून पाहा. स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) ओरखडा आहे का, मॅगझिन (गोळ्या भरायच्या पेट्या) किती आलीत, हे तिथेच पाहा. एकदा ट्रान्सफर तुमच्या नावावर झाला की तो माल वापरलेला धरला जातो आणि ऑनलाइन दुकान सहसा परत घेत नाही, पुढे फक्त कंपनीची वॉरंटी. सही करण्याआधी नकार दिला तर निदान बोलायला जागा असते.

सुट्या वस्तूंचं गणित वेगळं. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे सिरियल नंबर असलेला मूळ भाग, पिस्तुलाची फ्रेम किंवा रायफलचा रिसीव्हर. तो सुटा मागवला तरी डीलरमार्फतच येतो. होल्स्टर (पिस्तुलाची म्यान), साफसफाईचं सामान, स्कोप, नळी हे सहसा घरी येतं. मॅगझिनला टेक्सासात मर्यादा नाही, पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्कसारख्या राज्यांत १० गोळ्यांची आहे. नोकरी बदलून तिकडे जायचा बेत असेल तर आत्ताच विचार करा.

गोळ्या टेक्सासात घरपोच मिळतात. वेबसाइट वय विचारते आणि पुढे जाते. व्हिसाचं नाव कुठेच निघत नाही, म्हणून लोकांना वाटतं की हरकत नसावी. मनाईत गोळ्या स्पष्टपणे आहेत, दुकानाने विचारो वा न विचारो. शिकारीचा परवाना नसताना गोळ्यांचा खोका मागवणं हाही गुन्हाच.

सप्रेसर, म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करणारं नळकांडं, १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली येतो. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, पण एटीएफची आधी मंजुरी आणि नोंदणी तशीच आहे. परदेशी साइटवर 'साफसफाईचं किट' म्हणून पाच-दहा डॉलरात नळकांडी मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एटीएफ त्यांतल्या कित्येकांना सप्रेसरच मानतं.

खोटी दुकानंही भरपूर आहेत. ओळख सोपी : ऑर्डर देताना कुठल्या एफएफएलकडे पाठवू असं जे विचारत नाही, किंवा पैसे झेल (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) अथवा क्रिप्टोनेच मागतं, तिथून बाहेर पडा. समोरच्याचा परवाना नंबर मिळाला तर तो एटीएफच्या 'ईझी चेक' वर टाकून खरा आहे का ते पाहता येतं.

राहिला भावासाठी स्कोप. रायफल स्कोपवर अमेरिकेचे निर्यात नियम लागू होतात आणि त्यासाठी परवाना लागू शकतो. बॅगेत कपड्यांखाली घालून नेण्याची ती वस्तू नाही. भावाला हवा असेल तर त्याने तिथेच, तिथल्या नियमांनुसार घ्यावा. आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीच वापरू नका. खाचेत राहिलेलं एक काडतूस दिल्ली किंवा मुंबई विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रात दिसलं की शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. वस्तू जवळ असल्याचं माहीतच नव्हतं, हे पटलं तर उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्द करतात, पण तोवर वकील, तारखा आणि हुकलेलं परतीचं विमान तुमच्या माथी. दोन बॅगा वेगळ्या ठेवा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.